पाकीट कापताना नाव राहू द्या

ज्ञानोबांची पालखी फलटणला विमानतळावर उतरते त्या संध्याकाळी आमच्या मेडिकलात चिठ्ठी घेऊन आलेलं माणूस शोधावं लागतं. वारकरी येतो तो मुठीत रिकामं पाकीट धरून. "ताई, ही गोळी हाय का?" पाकीट म्हणजे दहा गोळ्यांच्या पट्टीचा दोन बोटांएवढा तुकडा. कडा चुरगळलेल्या, घामाने छपाई पुसलेली. एकेक गोळी कापून घेताना नावाची बाजू आधीच गेलेली. हाती उरतो कंपनीच्या चिन्हाचा कोपरा आणि '५ मिलिग्रॅम' एवढी अक्षरं. माणूस परभणीचा नाहीतर वाशिमचा. घरून निघताना आठवड्याच्या गोळ्या बांधून घेतलेल्या, त्या वाटेत संपल्या. "बीपीची हाय बघा. बारीक, पांढरी."

बारीक आणि पांढऱ्या गोळ्यांनी माझी अर्धी फळी भरली आहे. ५ मिलिग्रॅम आणि बीपी म्हटलं की पहिला अंदाज ॲम्लोडिपिनचा येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही ठरेल. पण रॅमिप्रिल ५ मिलिग्रॅममध्ये येते, बिसोप्रोलॉल येते, रक्त पातळ करणारी वॉर्फरिन येते आणि शुगरची ग्लिबेनक्लामाइडही येते. एकादशीच्या तोंडावर, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्या आणि मधूनच उपास धरणाऱ्या माणसाच्या पोटात चुकून शुगरची गोळी गेली तर तो पंढरपूरजवळच्या वाखरीपर्यंत पोचायचा नाही. म्हणून अंदाजाने मी गोळी देत नाही. घरी फोन लावायला सांगते. नातू किंवा सून फळीवरची चिठ्ठी शोधून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवते. घरी कुणी फोन उचलला नाही तर तळावर सरकारी आरोग्य पथक असतं, तिथे धाडते. तिथले डॉक्टर बीपी मोजतात, लिहून देतात, मग मी गोळी देते. रांगेतले लोक चिडतात. "एवढ्याशा गोळीला किती चौकशी!" असं दरवर्षी ऐकते.

तेव्हा आधी एक विनंती. बॅच नंबर आणि एक्सपायरी पट्टीच्या ज्या टोकाला छापलेली असते ते टोक आणि औषधाचं नाव शेवटपर्यंत ठेवा, कापायचं ते दुसऱ्या बाजूने. आणि प्रवासाला निघताना चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

मी बी. फार्म. झाले, लग्न होऊन फलटणला आले आणि सासऱ्यांनी टाकलेल्या दुकानात उभी राहिले ती अजून उभीच आहे. गावात आम्हाला 'मेडिकलवाले' म्हणतात, जुनी माणसं अजून 'कंपाउंडर' म्हणतात. दोन्हींत शिक्षणाचा वास येत नाही, त्याचं मला काही वाटत नाही. वाईट वाटतं ते हे, की काउंटरमागे उभ्या माणसाला काही विचारता येतं हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. दूध आणावं तशी औषधं नेतात. पैसे, पिशवी, सुटे, चालले.

कायद्याच्या नजरेत मात्र हे दुकान इतर दुकानांसारखं नाही. १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४८चा फार्मसी कायदा, या दोघांमध्ये आमचा सगळा धंदा बसतो. किरकोळ विक्रीच्या परवान्याला किमान १० चौरस मीटर जागा लागते, औषधासाठी फ्रिज लागतो आणि नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध त्याने स्वतः किंवा त्याच्या नजरेखाली दिलं पाहिजे. २०१५ साली फार्मसी कौन्सिलने नियम करून औषध समजावून सांगणं हेही फार्मासिस्टचं काम असल्याचं लिहून ठेवलं.

कागदावर हे सगळं छान आहे. प्रत्यक्षात कित्येक दुकानांत भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं असतं आणि गोळ्या देतो दुसराच, दहावी झालेला चुणचुणीत मुलगा. सर्टिफिकेटचा मालक महिन्याला ठरलेले पैसे घेऊन दुसऱ्याच गावात नोकरी करत असतो. ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे आणि संघटनेच्या बैठकीत कुणी बोलत नाही. २०१२च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते तेव्हा दुकानात फार्मासिस्ट हजर आहे की नाही याची राज्यभर कडक तपासणी झाली. दुकानदारांनी बंद पुकारले. मला विचाराल तर ती तपासणी हवीच होती. औषध विकायला चुणचुणीत मुलगा पुरतो. नको तिथे थांबायला शिकलेलं माणूस लागतं.

थांबायचं म्हणजे काय, ते एका सुईवरून सांगते.

एक गृहस्थ बरेच दिवस आमच्याकडून इन्शुलिनची बाटली न्यायचे. सुया मात्र पुतण्या पुण्याहून खोकाभर आणून द्यायचा, तिथे स्वस्त मिळतात म्हणून. एकदा त्या संपल्या आणि ते सुई मागायला आले. "कुठलीही द्या, इन्शुलिनची सुई ती सुईच." मी लाल टोपणाची सिरिंज काढली, तर म्हणाले, "ही नव्हं, आमची नारिंगी असती."

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांमध्ये दर मिलिलिटरला ४० युनिट इन्शुलिन असतं. त्यासाठीची सिरिंज लाल टोपणाची, तिच्यावरच्या रेघा ४०च्या हिशेबाने आखलेल्या. पेनमध्ये घालायच्या काडतुसात मात्र मिलिलिटरला १०० युनिट असतात आणि काही बाटल्याही १००च्या येतात. त्या १००च्या बाटलीसाठीची सिरिंज नारिंगी टोपणाची, तिच्या रेघा वेगळ्या. आता ४०च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत औषध भरलं तर आत येतं ०.२ मिलिलिटर, म्हणजे खरे युनिट फक्त ८. माणूस वीस घेतोय असं समजतो आणि घेतोय आठ. उलटं झालं, म्हणजे १००ची बाटली आणि लाल सिरिंज, तर २०च्या रेघेला तब्बल ५० युनिट जातात आणि माणूस घाम फुटून जागीच कोसळतो.

या गृहस्थांचं पहिल्या प्रकारचं झालं होतं. शुगर उतरत नव्हती, डॉक्टर दर भेटीत डोस वाढवत होते, आणि घरात बायकोवर आळ होता की ती चोरून गोड देते. कारण सगळं त्या टोपणाच्या रंगात. गंमत अशी, की त्याच क्षणी त्यांना बरोबर सिरिंज दिली असती तर अनर्थ झाला असता, कारण डोस वाढून वाढून मोठा झालेला आणि आता तो पहिल्यांदाच खरोखर पोटात टोचला जाणार. म्हणून त्यांना बाकावर बसवलं, चहा सांगितला, डॉक्टरांना फोन लावला आणि नवा डोस लिहून आल्यावरच लाल टोपणाची सुई हातात दिली. विक्री झाली ती एका सिरिंजची.

असंच एक औषध मेथोट्रेक्सेट. सांधेवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. आपल्या माणसांना गोळी म्हटली की रोजची, अशी सवय. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात, जिवावर बेततं. त्या पाकिटावर मी मार्करने मोठ्या अक्षरात वार लिहिते: 'फक्त रविवार'. रविवार का, तर घरी कुणीतरी असतं आणि आठवण राहते. मोबाइलवर ऑर्डर देऊन घरपोच येणाऱ्या खोक्यावर वार कोण लिहिणार, असा प्रश्न मला पडतो. घरपोच औषधाला माझा विरोध नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्याचा उपयोग आहेच, आणि आम्हीही सायकलवर मुलगा पाठवतो. पण खोक्याला तोंड नसतं.

लहान मुलांच्या तापाच्या औषधाबद्दल तर मी पुन्हापुन्हा सांगते. पॅरासिटामॉल पातळ रूपात तीन ताकदींत मिळतं. थेंबाच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५, जाड सिरपमध्ये ५ मिलिलिटरला २५०. डोस वजनावर ठरतो, एका वेळी किलोला साधारण १५ मिलिग्रॅमपर्यंत. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम धरले तर साध्या सिरपचे ६ मिलिलिटर लागतात, जाड सिरपचे ३ आणि थेंबाच्या बाटलीतले फक्त दीड. आता आई थोरल्याच्या वेळची आठवण ठेवून "सहा एमएल देते मी नेहमी" असं म्हणते आणि हातात थेंबाची बाटली असते, तेव्हा तो डोस चौपट होतो. चमच्याचंही तसंच. घरातले चमचे सगळे वेगळे. बाटलीबरोबर येणारं झाकण किंवा सिरिंज टाकून देऊ नका, आणि बाळाचं वजन सांगता आलं नाही तर आमच्याकडे काटा आहे, बाळाला घेऊन उभे राहा.

मोठ्यांचा घोळ निराळा. तापाला एक गोळी, सर्दीला दुसरी, अंगदुखीला तिसरी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल. नाव वेगळं म्हणजे औषध वेगळं असा समज. दिवसाला ४ ग्रॅमच्या वर गेलं की यकृत धोक्यात, आणि दारू घेणाऱ्याचं त्याआधीच. पाकिटावर ठळक छापलेलं असतं ते कंपनीचं नाव. त्याच्याजवळ बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, तेवढं वाचायला शिका.

जुलाबाच्या दिवसांत, म्हणजे पहिला पाऊस पडून विहिरींना नवं पाणी आलं की, ओआरएसची पाकिटं जातात. ही साखर-मिठाची पुडी किती मोठी गोष्ट आहे हे तिच्या किमतीवरून कळत नाही. १९७१ साली बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाईन संपलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात हे पाणी कालवून लोकांना पाजलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, सगळं एकदम कालवायचं. अर्धं आज, अर्धं उद्या असं नाही, आणि चव लागत नाही म्हणून वरून साखर तर मुळीच नाही. गेली काही वर्षं फळांच्या रसासारखी गोड पेयं मोठ्या अक्षरात ओआरएस लिहून आमच्याच फळीवर येत होती. जास्त साखरेने जुलाब वाढतात. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली. बरं झालं. कंपन्यांची एमआर मंडळी त्या खोक्यांवर चांगली स्कीम द्यायची, कित्येक दुकानदारांना मोह पडायचा.

मोहाचा विषय निघालाच आहे तर अँटिबायोटिकचं बोलते. घसा दुखतोय, उद्या लग्नाला जायचंय, "दोन पॉवरच्या गोळ्या द्या". पाकिटावर डावीकडे उभी लाल रेघ असते ती कशासाठी हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं आणि सांगितलेलं आवडत नाही. चिठ्ठीशिवाय ही औषधं द्यायची नाहीत, असा तिचा अर्थ. काही जहाल अँटिबायोटिक, क्षयाची औषधं आणि काही झोपेच्या गोळ्या यांच्यासाठी २०१४च्या मार्चपासून परिशिष्ट एच-१ लागू आहे. त्यातलं औषध दिलं की वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या चौकात जातं आणि दहा मिनिटांनी पुडी घेऊन माझ्याच दुकानासमोरून परत जातं, मला दिसेल असं. घसादुखी विषाणूची असेल तर त्या दोन गोळ्यांनी काही होत नाही. जंतूंची असेल तर दोन गोळ्यांनी अर्धे मरतात आणि राहिलेले चिवट होतात.

त्यातही लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं अशी सुटी देण्याला मी सगळ्यांत जास्त भिते. क्षयाच्या जंतूंवर त्यांचा थोडा परिणाम होतो. खोकला चार दिवस दबतो, माणसाला गुण आल्यासारखं वाटतं आणि खरं निदान महिना-दोन महिने पुढे जातं. तोवर घरातल्यांना लागण. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, संध्याकाळी अंग कोमट होत असेल, वजन उतरलं असेल तर मी सिरपची बाटली खाली ठेवते आणि बेडक्याच्या तपासणीला सरकारी दवाखान्यात पाठवते. ती तपासणी फुकट असते, औषधंही फुकट. क्षयाची औषधं विकणाऱ्या दुकानाने रुग्णाची माहिती सरकारला कळवणं २०१८पासून बंधनकारक आहे. खोकल्याचं पहिलं औषध माणूस आमच्याकडे मागतो, डॉक्टरकडे नंतर जातो. त्यामुळे पहिली शंका आम्हालाच यायला हवी.

एवढं सगळं विचारायचे, सांगायचे पैसे कुठून येतात? कुठूनच नाही. सरकारने किंमत बांधलेल्या औषधांवर दुकानदाराचा नफा १६ टक्के धरलेला आहे, बाकीच्यांवर साधारण २० टक्के. त्यातून भाडं, वीज, फ्रिज, मुलांचे पगार, उंदरांनी कुरतडलेलं आणि मुदत संपलेलं. गोळी खपली तर पैसे, न खपली तर नाहीत. बोलण्याचं बिल होत नाही. डॉक्टरची तपासणी फी लोक देतात, वकिलाचा सल्ला पैसे मोजून घेतात. काउंटरवरचा सल्ला मात्र सुट्या पैशांच्या बदल्यात चॉकलेट मिळावं तसा मोफत.

आणि मग धंद्यातले लोक दुसरीकडून भरून काढतात. जेनेरिकच्या नावाखाली एक जात अशी आहे, जिच्या पाकिटावर किंमत छापलेली असते शंभर आणि दुकानदाराला पडते वीस-पंचवीस. दुकानदार तीस टक्के सूट देतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि खरा फायदा मधेच राहतो. जेनेरिक औषध वाईट नसतं, हे स्पष्ट सांगते. माझ्या घरात सासूबाईंना बीपीची जेनेरिक गोळीच चालू आहे. वाईट आहे ती छापील किंमत. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी केंद्रांनी निदान खरी किंमत किती असू शकते हे लोकांना दाखवलं. त्यामुळे माझा थोडा धंदा गेला. तक्रार नाही. महिन्याला दीड हजाराच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून एक दिवसाआड घेणारी माणसं मी रोज बघते. त्यांना तिकडे कुणी पाठवलं तर ते मीच.

बिलाचाही एक शब्द. "बिल नको, पाच रुपये कमी करा" हे वाक्य आमच्याकडे रोजचं. बिलावर बॅच नंबर असतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. आम्हाला कॉलेजात ते प्रकरण शिकवलं होतं, जुनी गोष्ट म्हणून. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात तेच विष खोकल्याच्या सिरपमध्ये निघालं आणि लहान मुलं गेली. अशी बातमी आली की आम्हाला बॅच नंबर कळवला जातो, माल फळीवरून उतरवून बाजूला ठेवायचा असतो. फळीवरचा माल माझ्या हातात आहे. जी बाटली विकली गेली ती कुणाच्या घरात आहे हे शोधायला बिल हाच धागा. बिलावर नाव आणि फोन असेल तर अर्ध्या तासात माणसाला गाठता येतं. ऑगस्ट २०२३पासून जास्त खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड आला आहे. मोबाइल धरला की कंपनी, बॅच, मुदत सगळं दिसतं. तरुण मुलांनी घरातल्या म्हाताऱ्यांच्या औषधांवर एकदा तो धरून बघावा.

मागच्या दिवाळीनंतर मी फळीवर पाटी लावली: 'घरातली सगळी औषधं पिशवीत घालून दाखवायला आणा.' पहिल्या आल्या त्या आमच्याच आळीतल्या एक काकू. साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, त्यात हाडांच्या डॉक्टरांची औषधं, हृदयाच्या डॉक्टरांची, पोटाच्या डॉक्टरांची आणि मुंबईच्या लेकीने धाडलेली कॅल्शियमची डबी. काउंटरवर सगळं मांडलं. पित्ताची पॅन्टोप्राझोल तीन नावांनी तीन चिठ्ठ्यांवर, आणि काकू तिन्ही घेत होत्या. दुखण्याची डायक्लोफेनॅक दोन नावांनी, तीही बीपीची गोळी चालू असताना. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम सकाळी एकदमच, म्हणजे थायरॉइडची गोळी अंगी लागण्याचा प्रश्नच कमी. त्या दोघींत चार तासांचं अंतर हवं. पायांना सूज होती, ती दुखण्याच्या गोळ्यांची असू शकते ही शंका न घेता वयाची म्हणून सोडून दिलेली.

बंद करा असं मी सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. एका कागदावर औषधांची खरी नावं ओळीने लिहिली, सारखी होती त्यांना कंस केला आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं, पाच औषधं कमी केली. माझ्याकडचं त्यांचं महिन्याचं बिल जवळजवळ निम्म्यावर आलं. पुढच्या महिन्यात काकू आल्या त्या जावेला बरोबर घेऊन. जावेच्या हातातली पिशवी त्यांच्यापेक्षा मोठी होती.